फेरीबोट बंद आहे, कृपया हळू बोला

५ एप्रिल

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

रविवारी जेवायला आलो नाही, तेव्हा दोघांचं जेवण तू रागारागाने एकटीनेच संपवलं असशील. पण माझा इलाज नव्हता. बोट बंद आहे. इंजिन ठणठणीत आहे, तरी बोट हलवायची नाही असा हुकूम आलाय, कारण डेकवरच्या वाळूच्या पेटीत एका पक्षिणीने दोन अंडी घातली आहेत.

ती लाल पेटी तू पाहिली आहेस, आग लागली तर विझवायला वाळू भरून ठेवलेली. रंगकामासाठी बोट धक्क्याला लावली होती आणि रंगाऱ्याने पेटीचं झाकण वाळवायला काढून ठेवलं. तेवढ्यात ही बाई कुठून कुठून समुद्र ओलांडून आली आणि सगळा किनारा मोकळा पडलेला असताना नेमकी तिथे बसली. मुठीएवढी आहे. पांढरी, पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी. पुस्तकात तिला छोटा सुरय म्हणतात. मी टोपीवाली म्हणतो.

दुसऱ्याच दिवशी किनारा पक्षी समितीचा प्रमुख हजर झाला. काडीसारखा माणूस, बोटीवरचा नेहमीचा उतारू, गळ्यात तीन दुर्बिणी. एक लांबचं बघायला, एक जवळचं बघायला आणि तिसरी, दोन्ही बिघडल्या तर. मी त्याचं नाव दुर्बीण्या ठेवलंय. तो सगळं कुजबुजून बोलतो. पिल्लं उडून जाईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही असं त्याने कुजबुजून सांगितलं. दोन्ही काठांच्या माणसांनी काय करायचं असं मी विचारलं, तर म्हणाला की माणसांना रस्ता आहे. रस्ता म्हणजे खाडीला वळसा घालणारी ती अर्ध्या दिवसाची बस. वर कावळ्यांपासून अंडी राखायला माझीच नेमणूक केली. इतकी वर्षं बोट चालवून शेवटी दाई झालो बघ.

तब्येतीला जप. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

---

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा.

पत्र वाचून दुकानात एकटीच हसत बसले. एका आजोबांना चष्म्याचा नंबर काढायला तक्त्यासमोर बसवलं होतं. त्यांना वाटलं, त्यांनी अक्षर चुकीचं वाचलं म्हणून हसते आहे. त्यांची समजूत काढता काढता नाकी नऊ आले.

तू स्वतःची अंघोळ विसरतोस आणि तुला अंडी सांभाळायला दिली, म्हणजे समितीचं धाडस मोठं आहे. टोपीवालीला माझा नमस्कार कळव. तिने जागा चांगली निवडली आहे; तुझ्या बोटीइतकी हळू हलणारी वस्तू या किनाऱ्यावर दुसरी नाही.

एक गोष्ट रविवारी तोंडावर सांगणार होते, पण तू यायचा कधी कोण जाणे. म्हणून लिहितेच. हे जाऊन नऊ वर्षं झाली. मी पुन्हा लग्न करायचं ठरवलं आहे. बसला असशील तर उठू नकोस, उभा असशील तर बस. माणूस दुकानातलं गिऱ्हाईक आहे. दर गुरुवारी चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून यायचा. तो स्क्रू स्वतःच सैल करून आणतो हे मला तिसऱ्या गुरुवारी कळलं. चौथ्या वेळी मी आवळलाच नाही, तसाच परत दिला. बोट बंद आहे तरी तो वळशाच्या बसने येतो. नाव सावकाश सांगीन.

रागावू नकोस. ऊन लागू देऊ नकोस, आणि असाच माझा राहा.

तुझी,
ताई

---

१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. (या वेळी जरा ताठच घातलाय.)

तुझं पत्र सात वेळा वाचलं. इथे दुसरं वाचायला काही नाही म्हणून, दुसरं कारण नाही. मी कोण अडवणार? तुझं घर, तुझं दुकान, तुझं डोकं. फक्त एवढंच सांग, की रविवारी त्या घरात मी आता पाहुणा म्हणून यायचं का. पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढून घेता येत नाही. बाकी काही नाही.

माझी दशा ऐक. मला आता तपकिरीच कपडे घालायचे आहेत. डेकवर पायमोज्यांनी चालायचं. शिंक आली तर धरून ठेवून धक्क्यावर जाऊन द्यायची; परवा निम्म्या वाटेतच गेली, तर समितीने लेखी ताकीद दिली. धक्क्यावर दोरी बांधून पाटी लावली आहे: फेरीबोट बंद आहे, कृपया हळू बोला. दुरून दुरून लोक हातभर लांब कॅमेरे घेऊन येतात. एका छापील मासिकात टोपीवालीचा सुंदर फोटो आला आहे आणि तिच्या मागे मी चड्डी वाळत घालतोय. ओळखीच्यांनी फक्त मलाच ओळखलं.

दुर्बीण्या रोज माझ्या शेजारी येऊन बसतो. गुरुवारी मात्र सगळा भार माझ्यावर टाकून सकाळीच कुठेतरी बसने पळतो. बोट चालू होती तेव्हा दर गुरुवारी माझ्याच बोटीने पलीकडे जायचा. मला वाटायचं, पक्षी मोजायला जातो.

तुझं ते गिऱ्हाईक कसंही असो, चालवून घेईन. फक्त या दुर्बीण्यासारखा चक्रम नको, एवढीच माझी अट समज.

कळावे, आणि कळल्यावर कळवावे.

धाकटा

---

२१ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आज ते जरा जास्तच पाठवते आहे, लागतील.

तुझी अट वाचली. बाळा, गुरुवारी माझ्या दुकानात येणाऱ्या माणसाच्या गळ्यात तीन दुर्बिणी असतात.

आता पत्र खाली ठेवून पाणी पी.

तो तुला स्वतः विचारायला येणार आहे. मी नको म्हटलं होतं, पण तुझ्या मनाविरुद्ध काही करायचं नाही असं तो म्हणतो. तुझ्याबद्दल त्याचं मत फार चांगलं आहे. अंड्यांवर छत्री धरून तू दुपारभर उभा राहतोस हे त्यानेच मला सांगितलं. तू नाही लिहिलंस.

धाकट्या, दिवसभर मी दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवते आणि संध्याकाळी घरी आले की बोलायला फक्त नळ असतो. मी तुझी परवानगी मागत नाही. पण तू तोंड पाडून बसलास तर मला हे जमायचं नाही, हेही खरं.

त्याला पाण्यात ढकलू नकोस. त्याला पोहता येत नाही.

तुझीच,
ताई

---

२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढकलला नाही. विचार मात्र केला होता.

तो काल आला. तपकिरी कोट, तपकिरी टाय, पायांत मोजे. मी त्याला वाळूच्या पेटीपासून दूर, बोटीच्या टोकाला नेलं आणि भांडायला सुरुवात केली. ताई, कुजबुजून भांडायला फार दम लागतो. माझ्या बहिणीच्या दुकानात स्क्रू सैल करून जाताना लाज वाटली नाही का, असं मी विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. तेच चार वेळा विचारावं लागलं आणि चौथ्या वेळेपर्यंत मला स्वतःलाच त्यात राग सापडेना. किनाऱ्यावरच्या कॅमेरावाल्यांना वाटलं, आम्ही अंड्यांवर चर्चा करतोय. ते लिहून घेत होते.

मी विचारलं, की तुमची सगळी दोस्ती हंगाम संपला की उडून जाणाऱ्यांशी, तुमचा भरवसा काय. तर म्हणाला, जन्मभर एकाच दगडावर बसून त्यांना जाताना बघितलंय, स्वतः कधी कुठे गेलो नाही. मग रविवारचं विचारलं. तो म्हणाला की रविवार धाकट्याचाच आहे असं तू त्याला आधीच बजावलंस, आणि त्या वेळी तो चिखलात पक्षी मोजत असेल. हे मला थोडं पटलं, पण तसं दाखवलं नाही.

इतक्यात टोपीवाली उठली आणि तिच्याखाली वाळूच्याच रंगाचा एक ओला गोळा हलला. पहिलं पिल्लू! आम्ही दोघेही डेकवर पालथे पडून बघत होतो, तेव्हा वरून कावळा सुटला. माझी छत्री दूर होती. आणि ताई, दुर्बीण्या ओरडला. इतका, की पलीकडे तुलाही ऐकू गेलं असेल. कावळा पळाला, टोपीवाली पळाली, कॅमेरावाले पळाले, एकाचा कॅमेरा पाण्यात गेला.

टोपीवाली बराच वेळ परतली नाही. तो पिल्लावर स्वतःच्या कोटाची सावली धरून उकिडवा बसला होता आणि डोळे पुसत होता. ती आली तेव्हा उठला, खिशातून समितीचे नियम काढले, आवाज करणाऱ्याला दहा दिवस डेकवर बंदी हे कलम मला वाचून दाखवलं आणि स्वतःच उतरून दोरीपलीकडे जाऊन उभा राहिला. मी कितीही बोलावलं तरी येत नाही. तिथून हातवारे करून सूचना देतो.

मी समितीकडे अर्ज केला आहे, की माझ्या जबाबदारीवर त्यांना डेकवर घ्यावं. अर्जात नातं लिहायची जागा होती. ती तूर्त कोरी ठेवली आहे.

पाठीवर हात ठेवून पत्र संपवतो. पाठ दुखते आहे.

धाकटा

---

२९ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मला ऐकू आलं होतं. दुकानात मी कुणाच्या तरी डोळ्यात थेंब घालत होते, बाटली सुटली. माझ्या दुकानात आरसा पायावर पडला तेव्हाही तो माणूस फक्त पुटपुटला होता.

त्याला दोरीपलीकडे पाणी नेऊन दे. विसरतो प्यायला.

दोघांची मिळून,
ताई

---

२४ मे

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

दोन्ही पिल्लं काल उडाली. मोठं सरळ गेलं. धाकटं आधी माझ्या टोपीवर बसलं, तिथे जे करायचं ते केलं आणि मग गेलं. टोपीवाली अजून पाण्यावर घिरट्या घालते आहे, पण पेटीकडे ढुंकून बघत नाही. समितीने अर्ज मंजूर केला, तोही आजच. तोवर त्यांची बंदी संपून तिसरा आठवडा चालू होता.

आज पहिली फेरी केली. बोट गच्च भरली होती. इंजिन धडधडत होतं, दोरी काढलेली, पाटी काढलेली, आणि तरीही सगळ्या फेरीत एकही माणूस मोठ्याने बोलला नाही. भाजीवाली गिऱ्हाइकाशी कुजबुजून घासाघीस करत होती. एक तान्हं मूल रडायला लागलं, तर चाळीस जणांनी ओठांवर बोटं ठेवली आणि ते घाबरून गप्प झालं. मी भोंगा वाजवला नाही. हात पुढे झाला, पण वाजवला नाही.

लग्न नोंदवायच्या दिवशी सकाळची पहिली फेरी तुमच्यासाठीच ठेवतो आहे. साक्षीदार म्हणून सही मी करीन. तपकिरी सोडून कुठलाही सदरा घालीन. त्यांना सांग, उन्हात उभे राहू नका, टोपी घाला, बाकी मी बघतो.

तुझी माया आता वाटली जाणार. माझ्या वाट्याला आली तेवढी पुरे, थोडी जास्तच पाठव.

ती. भावोजींना माझा सा. न. सांग. सावकाश सांग, दचकतील.

तुझा,
धाकटा