अडतीस फायलींचं पहिलं मिनिट

तीर्थरूप काकांना,

पुतण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या अर्धाच वाकतो, उरलेला पत्रातून पाठवतोय). तुमचा गुडघा, काकूची दाढ आणि टीव्हीच्या आवाजावरून तुम्हा दोघांत चाललेला दावा, तिन्ही ठीक असावेत. इकडे सगळे मजेत. माझंच तेवढं विचारू नका, कारण गेले तीन आठवडे मी तुमच्या आत्मचरित्राच्या मागे आहे आणि ते काही हाती लागत नाही.

पंच्याहत्तरीला प्रत्येक नातेवाइकाच्या हातात पुस्तक ठेवायचं तुम्ही जाहीर केलंत, आणि मी छापखान्यात मुद्रितं तपासतो म्हणून टायपिंग माझ्या गळ्यात पडलं. (चुका शोधणाऱ्याला टायपिंगही येत असणार, हे कुठल्या कलमात बसतं ते तुम्हीच सांगा.) तुमच्या आवाजाच्या अडतीस फायली आल्या. पण तुमचं ते वकिली डिक्टेशनचं यंत्र आवाज स्वतःच्याच खास प्रकारात साठवतं, आणि माझा कॉम्प्युटर त्या प्रकाराला ओळखसुद्धा दाखवत नाही. यंत्रावरच ऐकावं, तर ते तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरने उघडून 'साफ' केल्यापासून मुकं झालंय.

शेजारचे मास्तर म्हणाले, फायलीच्या नावातली शेवटची अक्षरं बदला, की झालं काम. बदलली. दारावरची पाटी बदलून घरातली माणसं बदलतात का? अर्धा तास मिक्सरसारखा आवाज ऐकला आणि पाटी पुन्हा जागेवर लावली. मग एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याने एकही फाईल बदलली नाही, पण कॉम्प्युटरवर पत्त्यांचे चार खेळ बसवले (त्यातला एक तुमच्या सूनबाईंना आवडलाय, त्यामुळे आता काढता येत नाही). पैसे घेणारं चांगलं सॉफ्टवेअर मिळालं, पण त्याची किंमत ऐकून मी हात टेकले. तेवढ्यात वर्षभर पगारी टायपिस्ट ठेवता आला असता.

शेवटी त्याच महागड्याची नमुना म्हणून मिळणारी आवृत्ती घेतली. ती प्रत्येक फाईलचं फक्त पहिलं मिनिट बदलून देते, पुढचं हवं तर पैसे मोजा. मी म्हटलं, अडतीस मिनिटं तर अडतीस मिनिटं, जन्म आणि शाळा तरी हाताला लागेल. काका, त्या अडतीस मिनिटांत तुमचा जन्मच होत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही घसा साफ करता आणि काकूला हाक मारता, "अगं, लाल दिवा लागलाय का बघ." काकू म्हणते हिरवा आहे. तुम्ही म्हणता लालच असणार, तू चष्मा लाव. (रेकॉर्डिंग चालू असलं की दिवा लाल होतो. मग हिरव्यावर हे सगळं रेकॉर्ड कसं झालं, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवला.) मग तुम्ही एखादं साल सांगता आणि काकू ते दुरुस्त करते, कारण त्या साली तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता. सतराव्या फाईलमध्ये तुम्ही पहिला खटला एकट्याच्या बळावर जिंकलात. काकू मागून म्हणते, "आणि हरवलेले कागद गादीखालून कोणी काढून दिले?" तुम्ही म्हणता, हे पुस्तकात यायचं नाही. तिथे मिनिट संपतं.

आत्मचरित्रात घरगुती मजकूर नको, अशी तुमची ताकीद मला आठवते. पण तिसाव्या फाईलमध्ये काकू स्वयंपाकघरात निघाली असावी. तुम्ही म्हणता, "कुठे निघालीस? बस इथे. तू समोर नसलीस की मला काही आठवत नाही." मी ते चारदा ऐकलं.

वाढदिवसाला नऊ दिवस उरलेत. काय करायचं ते कळवा.

तुमचा पुतण्या

ता. क. : काल यंत्राचं माहितीपुस्तक नीट वाचलं. फायली बदलायचं सॉफ्टवेअर यंत्राबरोबरच फुकट येतं, चकचकीत तबकडीवर. तीच तबकडी तुम्ही कबुतरं यायला नकोत म्हणून बाल्कनीत दोरीने टांगली आहे. मागच्या फोटोत तुमच्या कानामागे चमकताना दिसते. म्हणजे पाहिजे तर सगळं आत्मचरित्र चार दिवसांत तयार होईल.

आणखी ता. क. : खरी विनंती आता करतो. ती तबकडी काढू नका, कबुतरांचा विचार करा. पहिल्या मिनिटांची मी टाईप करून बत्तीस पानं केली आहेत, तेवढीच छापू द्या. एक प्रत तपासायला काकूला आधीच पाठवली होती (रागावू नका). तिने एकच दुरुस्ती करून परत पाठवलीय, समासात, पेन्सिलीने : "दिवा रोज लालच असायचा. हिरवा म्हटलं की ते पुन्हा हाक मारायचे."