माझी दोन मिनिटांची साक्ष

५ जानेवारी, सोमवार

नवी डायरी. संकल्प एकच: यंदा नुसतं चिडायचं नाही, लढायचं.

रिचमंडला, आमच्या राज्याच्या विधानसभेत, बिल आलंय. घरात बंदूक असेल तर ती कुलपात हवी, गोळ्या वेगळ्या हव्यात. इतकी साधी गोष्ट, आणि त्यावरही लोक भांडतायत! बावीस तारखेला कमिटीपुढे नागरिकांनी बोलायचंय. मी नाव दिलं. प्रत्येकाला दोन मिनिटं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटने मला वक्तृत्वाचा कप दिला होता. दोन मिनिटं म्हणजे अगदीच किरकोळ.

शिवाय अठ्ठावीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. कुलूप म्हणजे काय, हे आमच्या ॲशबर्न गावात मला विचारावं.

५ जानेवारी, संध्याकाळ

न्यू जर्सीतल्या एडिसनहून लेकीचा, स्वानंदीचा फोन. फेब्रुवारीच्या सुट्टीत नातीला, अनुष्काला, आठ दिवस माझ्याकडे सोडणार. एकटीला! यतीन गेल्यापासून पहिल्यांदा या घरात कुणीतरी राहायला येणार. काय काय करायचं ते मी सांगायला लागले, तर मध्येच म्हणाली, "आई, एक विचारायचं होतं. अनुष्का कुणाच्याही घरी गेली तरी आम्ही विचारतो, so don't be offended. घरात गन आहे का? बाबांची होती ना?"

मी ऑफेंड झाले. म्हटलं, तुझी आई रिचमंडला साक्ष द्यायला चाललीये आणि तू मला विचारतेस? नाही. घरात काही नाही.

हे खोटं नव्हे. उद्या ती शेरिफच्या ऑफिसात देऊन येणारच आहे. म्हणजे सुट्टी लागेल तेव्हा ते खरंच असेल. थोडं आधी सांगितलं, एवढंच.

६ जानेवारी

बेडरूमच्या क्लोझेटमध्ये, वरच्या फळीवर, यतीनच्या ब्लेझरांमागे, बुटांच्या खोक्यात. कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे.

खोक्यात बूट निघाले.

७ जानेवारी

मीच हलवली असणार, जास्त सुरक्षित जागी. माझी पद्धतच ती. उलट चांगलंच आहे: मला सापडत नाही, तर चोराला काय सापडणार!

शेरिफच्या ऑफिसला फोन केला. विचारलं, समजा एखाद्या बाईकडे नवऱ्याचं रिव्हॉल्व्हर असेल तर? पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "मॅम, आत्ता ते कुठे आहे?" मी म्हटलं, समजा. आणि ठेवला.

९ जानेवारी

शोधलं: बेसमेंट, दोन्ही सूटकेसा, गाद्यांची कपाटं, दिवाळीच्या माळांचं खोकं, देवघराखालचा ड्रॉवर.

देवघरात वेळ लागला. यतीन दर खंडेनवमीला रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवायचा, स्वतःच्या स्टेथोस्कोपशेजारी. मी म्हणायचे, डॉक्टर माणसाने दोन्हींची पूजा एका पाटावर करू नये. तो हसायचा, हळदकुंकू वाहायचा. मुठीच्या खाचेत कुंकू बसलं होतं ते कधी निघालं नाही.

स्वयंपाकघरात शोधायचं कारणच नाही. जूनमध्ये स्वानंदीने ते अर्धं रिकामं केलंय. "एकटीला एवढी भांडी काय करायचीयत, आई?" मोठा कुकर, पुरणयंत्र, मोदकपात्र, कढया, सगळं गाडीत घालून एडिसनला गेलं. मी तेव्हा सोफ्यावर बसून होते. कुणी घर उचलून नेलं असतं तरी बसून राहिले असते.

१२ जानेवारी

समोरचे राजीव आले. यतीनचे मित्र. देसी घरांतून सोनं चोरीला जायला लागलं त्या वर्षी दोघांनी एकाच दुकानातून, एकाच दिवशी रिव्हॉल्व्हरं घेतली. माझ्या साक्षीबद्दल कळलं म्हणून वाद घालायला आले.

"वहिनी, कायदा पाळणारा पाळतोच. चोर थोडाच तुमचं बिल वाचणार?"

म्हटलं, मग वेगमर्यादेच्या पाट्याही काढून टाका, पिऊन गाडी चालवणारा थोडाच वाचतो.

"अहो, पण रात्री कुणी घुसला तर कुलूप उघडत बसायचं?"

म्हटलं, तुम्हाला रात्री चष्मा सापडत नाही.

हसले. मग घरी नेऊन त्यांची तिजोरी दाखवली. बोट लावलं की उघडते. आत रिव्हॉल्व्हर, वेगळ्या डबीत गोळ्या, वर कागद. बिलाच्या विरोधात असलेल्या माणसाकडे हे असं. मला फार राग आला. का ते कळलं नाही.

जाताना विचारलं, "यतीनची काय केलीत?"

म्हटलं, व्यवस्था केली.

१४ जानेवारी, संक्रांत

आमच्याकडे वर्ष व्हायचंय, म्हणून तिळगूळ नाही, हळदीकुंकू नाही. बरंच झालं. घरभर कपाटं उघडी आहेत.

झोप नीट नाही. क्लोझेटचं दार उघडलं की आतून कोणीतरी अदबीने विचारल्यासारखं वाटतं. ब्लेझरांचा वास येतो म्हणून. ते दान करायचे. संकल्प.

१६ जानेवारी

भाषण पाठ झालं. एक मिनिट पन्नास सेकंद. सगळ्यात चांगलं वाक्य: "ज्या घरात शस्त्र आहे त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते या क्षणी कुठे आहे हे सांगता आलं पाहिजे." आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आरशात बघितलं नाही.

१८ जानेवारी

लिहिलं तर आठवेल म्हणून लिहिते. कुणी वाचणार नाहीये.

गेल्या मार्चमधली दुपार. यतीनचं विसरणं तेव्हा फार वाढलं होतं. मी देवळातून परत आले. तो डायनिंग टेबलाशी बसलेला, हातात ते. माझ्यावर रोखलेलं. आवाज एकदम सभ्य, पेशंटशी बोलायचा तसा. "कोण तुम्ही?"

त्रेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाला.

मी काहीतरी उत्तर दिलं. त्याने ते खाली ठेवलं. मी उचललं आणि कुठेतरी ठेवलं. काय उत्तर दिलं ते आठवत नाही. महत्त्वाचंही नाही. स्वानंदीला सांगितलं असतं तर तिने बाबांना होममध्ये टाकलं असतं. म्हणून नाही सांगितलं. मे महिन्यात तो झोपेतच गेला, घरी. म्हणजे माझा निर्णय बरोबरच होता.

२१ जानेवारी

आज गॅरेज पाहिलं. नाही.

ती बहुतेक यतीननेच कुणाला देऊन टाकली असणार. हा विचार आधी का सुचला नाही! विषय संपला. अनुष्कासाठी नवं पांघरूण मागवलं.

२२ जानेवारी, गुरुवार. रात्र

क्रमाने लिहिते.

सकाळी राजीवच घेऊन गेले. तेही बोलणार होते, विरोधात. "एकाच गाडीत दोन्ही पक्ष, पेट्रोल वाचतं." वाटेत स्वानंदीचा फोन. आज माघी गणेश जयंती, अनुष्का हट्टाला पेटलीये, मोदक करतोय, उकडीला पाणी किती? भाद्रपदात बाबांमुळे मन झालं नव्हतं, म्हणाली. मी प्रमाण सांगितलं. उकड गरम असतानाच मळ, मोदकपात्रात पाणी आधी उकळू दे, वगैरे. तिच्या आवाजात कौतुक होतं. मी खुशीत होते.

गर्दी फार, त्यामुळे चेअरमनने दोन मिनिटांचं एक मिनिट केलं. माझं नाव पुकारलं. आवाज उत्तम लागला. "Every adult in that house must be able to say where it is, at this very moment..." आणि तिथे, माईकसमोर, मला माझं उत्तर आठवलं.

कोण तुम्ही? मी म्हटलं होतं, "मी स्वयंपाकाच्या बाई."

"मग मोदक करा," यतीन म्हणाला आणि ते टेबलावर ठेवलं.

मी मोदकपात्र काढलं. ते उचलून त्यात ठेवलं, वर झाकण, झाकणाला सुतळी. तांब्याचं भांडं, एरवीही जडच.

चेअरमन म्हणाले, अजून वीस सेकंद आहेत. मी पळाले. बहात्तराव्या वर्षी, हील्स घालून.

तीन वेळा फोन उचलला नाही. चौथ्यांदा अनुष्का. "Aji, Mom's hands are all gooey." मोदकपात्र कुठाय? "On the table. It's super heavy, and it rattles! I'm undoing the string."

मी ओरडले. असं की कॉरिडॉरमधला पोलीस वळला. सोड ते, बाहेर जा, आईला दे. स्वानंदी आली. मी सांगितलं.  मग तिने अगदी हळू विचारलं, "Loaded?"

माहीत नाही म्हटलं.

राजीव मागे उभे होते.  त्यांनी स्वतःचं भाषणही केलं नाही. घरापर्यंत रेडिओही लावला नाही.

२४ जानेवारी

एडिसनचे पोलीस ती घेऊन गेले. आत पाच गोळ्या होत्या. स्वानंदीला दोन तास प्रश्न. न्यू जर्सीत कायदे कडक आहेत. ते तसे हवेतच, मी नेहमी म्हणते.

२७ जानेवारी

बिल कमिटीतून पुढे गेलं. एका मताच्या फरकाने. मंडळाच्या ग्रुपवर माझा व्हिडिओ फिरतोय. "यामिनी मावशी बोलता बोलता गहिवरल्या." सव्वीस हार्ट.

स्वानंदीचं एकही नाही.

२ फेब्रुवारी

तिला पत्र लिहायला घेतलं. मार्चमधली दुपार, सगळी. इंग्रजीत, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही वाचता येईल. दोन पानं झाली. स्वल्पविराम तपासले. उद्या टाकेन.

९ फेब्रुवारी

उद्या टाकेन.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्यापासून अनुष्काची सुट्टी. पांघरूण धुऊन घातलं, इस्त्री केली. केक नको, तिला शिरा आवडतो. रवा भाजून ठेवला.

सात वाजता फोन. अनुष्काचा नव्हे, स्वानंदीचा. इकडचं तिकडचं काही नाही. सरळ विचारलं, सगळ्यांना विचारते तसं, परक्याच्या घरी सोडताना विचारतात त्या आवाजात.

"आई, घरात गन आहे का?"

मी म्हटलं, नाही.

आयुष्यात इतकं खरं मी कधी बोलले नसेन.  

"ओके," म्हणाली. "यावेळी राहू दे. पुढच्या सुट्टीत बघू."

रवा डब्यात भरला. क्लोझेटचं दार लावायला गेले, तर आतून अदबीने विचारलं, कोण तुम्ही? मी उत्तर दिलं.

"स्वयंपाकाच्या बाई."