विस्तवाचा हप्ता

तिसगाव,
१२ जानेवारी २०२५

चि. भागवत यास आईचे पोटभर आशीर्वाद. सूनबाई मोनिकालाबी.

फोनवर तुझं बोलनं माझ्या कानात नुसतं भुनभुनतंय, म्हनून पत्र. पोस्टमन म्हनला, मावशी, गावात पत्र आता तुमचंच. हसू दे मेल्याला.

अरं, आपली शेनाच्या गॅसची टाकी पेटली! दूध संस्थेच्या पोरांनी बसवली तवा मला वाटलं, म्हातारीला येडी करत्यात. किती दिवस मी नुसतं शेन-पानी कालवून वतत हुते. मग सोमवारी कॉक फिरवला, काडी लावली, आन् निळीशार ज्योत! ना धूर, ना वास. बाबा, मी हातच जोडले. शेनात एवढा देव बसलेला, आन् जलमभर आपन ते पायानं तुडवत आलो. बघता बघता दूध उतू गेलं तरी सुद न्हाई. सारी गल्ली बघून गेली.

चार गायांचा गॅस माझ्या एकटीला लई हुतो. म्हनून शेजारच्या विजयमालाकडं आन् पलीकडं ज्ञानेश्वरकडं नळी दिली. दोघांनी सिलेंडर घ्यायचं सोडलं. रोज सांजंला तीन घरी तीच ज्योत पेटती, मला लई भारी वाटतं.

पोटाला नीट खात जा. आईवरची माया पातळ करू नको.

तुझी आई,
गोजरबाई

पुणे,
२५ जानेवारी २०२५

ती. आईस भागवतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मोनिकाने दोनदा वाचलं. म्हणाली, आईंच्या कागदालाही धग लागतेय. मलाही खरंच नवल वाटलं.

पण आई, रागावू नकोस. गेल्या महिन्यात गोठ्यात पाय घसरून पडलीस, ते तू कळवलं नाहीस. मला ज्ञानेश्वरकाकांच्या फोनवरून कळलं. या वयात चार गाईंचं शेण उपसणं तुझ्याच्याने होणार नाही. तेव्हा माझं ऐक. दोन्ही घरांकडून दरमहा ठरावीक हप्ता घे. ज्याच्याकडे खाणारी तोंडं जास्त, त्याचा थोडा जास्त. सिलेंडरपेक्षा स्वस्तच पडेल त्यांना. त्यातून गोठ्याला गडी ठेवता येईल आणि गाई राहतील. ते जमत नसेल, तर पाडव्याला मी घोडेगावच्या बाजारातला व्यापारी घेऊन येतो. गाई त्याच्याकडे, आणि तू आमच्याकडे.

तुझ्या काळजीपोटीच लिहितोय. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
भागवत

तिसगाव,
२० फेब्रुवारी २०२५

चि. भागवत यास आशीर्वाद.

विस्तव इकायचा? कुनी शिकवलं रे तुला हे? मी नवी नवरी हुते तवा आगपेटी कुनाच्या घरी असायची, कुनाच्या नसायची. ज्याच्या घराच्या धाब्यावर आधी धूर दिसंल त्याच्या दारी जायचं, इंगळ आनायचा. वैर असलं तरी विस्तवाला न्हाई म्हनत नसत. त्याचं पैसं मागायचं तर माझी जीभ रेटत न्हाई.

तुझं पत्र मी हसत हसत विजयमालाला वाचून दाखवलं. ती हसली न्हाई. दुसऱ्या दिशी बघते तर तिनं कॉक बंद केलेला, आन् दारात सिलेंडर. ज्ञानेश्वरनंबी तेच केलं. म्हनला, काकी, पडत्या अंगानं तुमी शेन उपसायचं आन् आमी फुकट जेवायचं, घास उतरत न्हाई. आता फुकट दिलं तर घेईनात, आन् पैसं मी मागीना. एकटीच्या चुलीवर ती ज्योत बघवत न्हाई मला.

पाडव्याला ये व्यापारी घेऊन. गायांना आंघूळ घालून ठिवते. दुसरं काय.

तुझी आई,
गोजरबाई

पुणे,
५ एप्रिल २०२५

ती. आईस साष्टांग नमस्कार.

हे सगळं तुला ऐकू जाईल असं तिथे बोलायचं तर मला ओरडावं लागलं असतं आणि गल्लीने ऐकलं असतं. म्हणून पत्र.

पाडव्याच्या पहाटे व्यापाऱ्याला टेम्पोतच थांबवून मी गोठ्यात आलो. तू अजून उठली नव्हतीस. टाकीपाशी विजयमालाकाकू! डोक्यावर त्यांच्या म्हशीच्या शेणाची पाटी. मागे ज्ञानेश्वरकाका तुझा गोठा झाडत होते आणि त्यांची सून पाणी ओतत होती. मी तोंड उघडण्याआधी काकूंनीच मला फैलावर घेतलं. म्हणाल्या, गोजरकाकी विस्तवाचं सांगतात, पण अर्धंच सांगतात. काकूंच्या सासूबाई विस्तव आणायला जात, त्या स्वतःची गोवरी घेऊन जात. रिकाम्या हाताने कोणी जात नसे. गाई विकायला निघाल्या ऐकलं आणि मग काकूंना हे आठवलं. खाणारी तोंडं जेवढी, पाट्या तेवढ्या, आणि मगच कॉक उघडायचा, असं दोन्ही घरांनी ठरवून टाकलं होतं.

मी तिथे होतो तेवढे दिवस एकही पाटी चुकली नाही. व्यापाऱ्याला मी चहा पाजून वाटेला लावला. नोकरीत एवढी वर्षं मीटर आणि बिलं बघतोय, पण असा चोख हिशेब मी कुठे पाहिला नव्हता.

काकूंनी मलाही सोडलं नाही. इथे जेवणार का विचारलं आणि पाटी डोक्यावर दिली. दोन दिवस मान वळत नव्हती.

गाई राहू देत. तूही राहा. माझा महिन्याचा हप्ता किती, ते तेवढं कळव. लगेच पाठवतो.

तुझा,
भागवत

तिसगाव,
१४ एप्रिल २०२५

चि. भागवत यास आईचे आशीर्वाद.

पैसं पाठवू नको, परत पाठवीन. ज्याचं पोट या चुलीवर भरलं त्यानं पाटी उचलायची, आसं गल्लीचं ठरलंय. तू तर याच चुलीवर वाढला. विजयमालाला विचारलं, तिनंबी हो म्हनून मान हलवली.

महिन्याला एक पाटी, तुझ्या हातची. ती पुन्यातून टाकता येत न्हाई, हितं यावं लागतं. या महिन्याची अजून बाकी हाय.

तुझी आई,
गोजरबाई