कपाटातली पृथ्वी

गुरुजी, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली, तरी तुमचं लोखंडी कपाट शाळेत तसंच उभं आहे. तिसरीत माझी शाळा सुटली. आता तिथंच पोरांची खिचडी शिजवते. दारातनं जमलं न्हाय, चुलीवाटं घुसले. त्या कपाटात तुम्ही पृथ्वीचा गोळा ठेवायचा. पंधरा ऑगस्टला बाहेर निघायचा, आम्ही लांबनं बघायचो. मी एकदा बोट पुढं केलं तर तुम्ही खेकसलात, "ए भवाने, मोडशील! सरकारी आहे!"

आता त्या कपाटात इंटरनेटचा डबा असतोय. हेडमास्तरही तुमच्याच वळणाचे. "चोरीला गेला तर कोण भरणार?" म्हणून कुलूप. डबा आत लोखंडाआड लुकलुकतोय अन् वर्गातल्या पडद्याला रेंज न्हाय. परवा नळदुर्गच्या शाळेतली पोरं पडद्यावरनं किल्ला दाखवणार होती, अन् आमच्याकडनं प्रश्न विचारायला माझी नात निवडलेली. आठवडाभर तिनं घरातल्या शेळ्यांनासुद्धा प्रश्न विचारले. परवा उभी राहिली, "नमस्कार" म्हणाली, अन् तिकडच्या बाई पडद्यावर जांभई दिल्यागत तोंड उघडून थिजल्या. हेडमास्तर किल्ली घेऊन भूमला मीटिंगला गेलेले, फोन उचलेनात. नातीचा ओठ थरथरायला लागला. मी स्वयंपाकघरातनं बत्ता आणला.

"आजी, अहो सरकारी आहे ते!" आमच्या बाई ओरडल्या. अगदी तुमचाच आवाज.

"मग सरकारला सांगा, म्हातारीनं फोडलं."

कुलूप पडलं, दार उघडलं, अन् तिकडच्या बाईंचं तोंड एकदाचं मिटलं. नातीनं खणखणीत विचारलं, "किल्ल्यातली पोरं शाळेला कुठं जायची?" सगळा वर्ग पडद्याला चिकटला. अन् मला डब्याच्या मागं तुमचा गोळा दिसला, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत. एवढ्या वर्षांत कुणी हातच लावला न्हाय की काय! मी काढला. फिरवला. कुठल्यातरी देशाला खिचडीची हळद लागली. मोडला मात्र न्हाय, गुरुजी.

हेडमास्तर तणतणले. मी म्हणलं, नातीसाठी फोडलं. ते खरंच आहे. हा कागद तुमच्यापर्यंत धाडायची सोय त्या डब्यातबी न्हाय, म्हणून उद्या चुलीला लावीन. तेवढं एक सांगते. त्या रात्री नातीनं विचारलं, "आज्जे, त्यांनी उत्तर कसलं भारी दिलं ना?" मी म्हणलं, "व्हय, लई भारी." मी ऐकलंच न्हाय. पृथ्वी फिरवत होते.