गिरणीतला कॉम्प्युटर

५ मार्च २००१, सोम.
परत तेच. सातवीचं गणित टाइप करत होते, अर्ध्या पानावर मशीन आपोआप बंद. सेव्ह पहिल्या प्रश्नापर्यंतच केलेलं. हेडसरांनी बजावलंय, वार्षिकचे पेपर वेळेत दिले तर वर्षभराचं काम माझं, नाहीतर नेहमीसारखं पुण्याला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बंद करून चालू कर." रांजणगावच्या कंपनीत हेच शिकवतात वाटतं.

६ मार्च
शिरूरहून दीपक आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तालुक्यात हाच बरा. कॅबिनेट न उघडताच निदान तयार. "वहिनी, रॅम कमी पडतीया. बत्तीसची चौसष्ट करा, घोड्यावानी पळंल." केली. संध्याकाळपर्यंत घोडा दोनदा बसला.

८ मार्च, गुरु.
उद्या होळी. पोळ्यांच्या दळणाला ही गर्दी. गिरणी सासऱ्यांची, आप्पांची, आणि माझा कॉम्प्युटर तिच्याच कोपऱ्यात, कारण घरात दुसरी जागा नाही. पट्ट्याच्या धडधडीत इतिहासाच्या सनावळ्या टाइप करायच्या. आज तर दहा मिनिटंही टिकेना. वैताग. दीपकला फोन. आता म्हणतो विंडोज पुन्हा टाकू. मी म्हटलं, टाकायचं ते टाक, पण आधी ये. आला नाही. सणाचं कोण येतंय.

११ मार्च, रवि.
शेवटी स्वतःच स्क्रू काढले. आत पीठ. सगळीकडे पीठ, बाजरीचं आणि गव्हाचं. ते सुद्धा ठीक, पण मागच्या पंख्यावर काळपट गोळा, कणीक मळून लावल्यासारखा. पंखा हलेचना. गार व्हायला वाट नाही, मग मशीन बंद पडणारच. रॅम घालताना दीपकला हे दिसलं कसं नाही! बोटाचा वास घेतला. तेल!
आप्पांना विचारलं. शांतपणे म्हणाले, "लई करकरत व्हता. म्हनून मागच्या जाळीतनं तेल सोडलं. गिरणीच्या बेरिंगला सोडतो तसंच. रोज सोडत व्हतो, तू उठायच्या आत."
रोज! माझा तोल गेला. "माझ्या वस्तूला न विचारता हात लावत जाऊ नका," असं मोठ्यानं बोलले. दळणाच्या बायका ऐकत होत्या. आप्पांनी पुढचा डबा दळायला घेतला. जेवताना भाकरी अर्धी ठेवून उठले. राग अजून गेलेला नाही, आणि वाईटही वाटतंय. मला चांगलं चालावं म्हणूनच करत होते ना.

१२ मार्च
दीपकनं नवा पंखा बसवला. गिरणीच्या नि कॉम्प्युटरच्या मधे जुनी साडी पडद्यासारखी बांधली. दुपारपर्यंत उत्तम. एकदाची सातवी संपली.

१४ मार्च, बुध.
उघडून बघितलं. साडी असूनही पंख्यावर पांढरा थर. दीपक बघून म्हणाला, "वहिनी, एका खोलीत गिरणी आन् ही मशीन, ह्या दोगी नांदायच्या न्हाईत. एक तरी हलवा." कुठं हलवू? हे म्हणाले, "आप्पांशी बोलतो." बोलू नका म्हटलं. आठवी, नववी राहिली. सोमवारी द्यायचेत.

१५ मार्च, गुरु.
सकाळी धडधड नाही. आधी वाटलं लाईट गेली. बघते तर पट्टा उतरवलेला, आप्पा बाहेर ओट्यावर.
शेजारच्या शांताकाकू डबा घेऊन आल्या. "का वो आप्पा, गिरणी बंद?"
"सूनबाईचं परीक्षेचं काम चाललंय. दुसरीकडं दळून आणा."
मला ओशाळल्यासारखं झालं. बाहेर जाऊन म्हटलं, "आप्पा, दुपारी चालू करा, मी तेवढा वेळ थांबते." माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं उरकून घे."
मशीन दिवसभर एकदाही बंद पडलं नाही. आठवी पूर्ण, नववीचं विज्ञान निम्मं. इतकं काम आजवर कधी झालं नव्हतं, आणि इतका नकोसा दिवसही गेला नव्हता. डबे येत होते, परत जात होते. प्रत्येकीला आप्पा तेच सांगत होते.
संध्याकाळी विचारलं त्यांनी, "झालं का समदं?"
"थोडं राहिलंय."
"बरं." उठून गिरणीवर गोणपाट टाकलं.
उद्या चालू करणार का, विचारायला दारापर्यंत गेले. नाही विचारलं. हो म्हणाले असते तर मला आवडलं असतं का, ते मलाच कळेना.