भिंतीतलं बिऱ्हाड

नारायण पेठ,
३ नोव्हेंबर २०२५

चि. अवनीस अनेक आशीर्वाद.

तू संशोधनाला गेलीस त्या देवराईत फोन लागत नाही, म्हणून टपालखात्याला कामाला लावतो आहे. तू सांगितलंस तशा गल्लीतल्या सगळ्या भिंती तपासल्या. नांगी नसलेल्या तुझ्या मधमाश्यांची पोळी भरली नऊ, आमच्या जिन्यापाशी भिंतीतून मेणाची इवलीशी नळी बाहेर आलीय, तिच्यामागचं पोळं धरून. लोक विचारतात, काका, भिंतीत काय हरवलंय? मी सांगतो, अक्कल.

तुझ्या उल्काकाकूचं विसरणं फार वाढलंय. मात्र त्या नळीपाशी खुर्ची टाकली की तासभर शांत बसते, कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, ते मला सांगते. आता इमारत पाडणार, आम्ही शनिवारी कर्वेनगरला भाड्याच्या घरात. तिथे तिला ओळखीचं काहीतरी हवं ना? म्हणून पोळं विटांसकट काढून पेटीतून नेतो आहे. धोंडिबा गवंडी शुक्रवारी सकाळी अकराला येईल. तो संध्याकाळी येतो म्हणत होता, पण सहानंतर ठोकाठोकी बंद, हा नियम सेक्रेटरी म्हणून मीच केलाय. तो मीच कसा मोडू?

जेवत जा वेळेवर. आहे तो लोभ वाढवायला हरकत नाही.

तुझा,
श्यामसुंदरकाका

मुक्काम देवराई,
६ नोव्हेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

काका, प्लीज थांबा. अकराला निम्म्या माश्या बाहेर चरायला गेलेल्या असतात. अंधार पडून सगळ्या घरी आल्या, की मग नळीचं तोंड बंद करून हलवायचं. मागे राहिल्या तर कर्वेनगर त्यांच्या आवाक्याबाहेर आहे हो, एवढं लांब त्या उडत नाहीत. एक दिवस मोडा तो नियम, पाया पडते.

इथे माझाच पार गोंधळ उडालाय. एवढ्या जंगलात पंधरा दिवसांत चार पोळी, आणि तुमच्या एका गल्लीत नऊ! पण तुम्ही पत्रासोबत डबीत पाठवलेल्या माश्या सगळ्या एकसारख्या, आणि इथल्या दोन पोळ्यांतल्या वेगळ्याच दिसतात. माझ्या गाइड मॅडम म्हणतात एकच जात, मला पटत नाही. शहर समृद्ध म्हणू की जंगल?

हे पत्र दूधवाल्याबरोबर धाडतेय, वेळेत पोचू दे. काकूला नमस्कार. माझ्यावर जीव आहेच, तसाच राहू द्या.

आपली,
अवनी

कर्वेनगर,
१२ नोव्हेंबर

चि. अवनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी जुन्या पत्त्यावर वॉचमनकडे मिळालं. आमची कामगिरी शुक्रवारी बरोबर अकराला फत्ते झाली होती.

पत्र घ्यायला गेलो, तर जेसीबीने भिंत पाडून टाकलेली. जिन्याच्या जागी नुसती हवा, आणि त्या हवेत, नळी होती तेवढ्या उंचीवर, माश्या घिरट्या घालत होत्या. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, अवनी. बाहेर गेलेल्यांचं काय, हे डोक्यातच आलं नाही. वॉचमन बघत होता, तरी मला रडू आलं.

इथे पेटी गॅलरीत ठेवली आहे. उरलेल्या थोड्या माश्या ये-जा करतात. त्या टिकतील का, ते तू सांग, मला काही कळेनासं झालंय. काकूला झालेलं काहीच सांगितलेलं नाही. ती दिवसभर पेटीपाशी बसून असते.

काल तिन्हीसांजेला डास येतात म्हणून गॅलरीचं दार लावायला गेलो, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, “लावू नका. सकाळी गेलेल्या अजून यायच्यात.”

दार उघडंच ठेवलंय. रागाव हवं तेवढं, पण लोभ सोडू नकोस.

तुझा,
श्यामसुंदरकाका