टाकी साफ असावी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पत्र उघडून आधी शेवटची ओळ वाचतेस, म्हणून बातमी वरच लिहितो. मला विभागप्रमुख केलं. विभागाचं नाव शाश्वतता. आईला समजावताना तुझी त्रेधा उडेल, तेव्हा एवढंच सांग की आमची कंपनी ज्या कारखान्यांकडून कापड घेते तिथलं पाणी, हवा आणि माणसं धड आहेत ना, हे बघणं माझं काम. तू माझ्या वह्या तपासायचीस ना, तसंच. फक्त मी कान पिरगाळत नाही.

आमच्या अध्यक्षबाई परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या की नेतृत्व म्हणजे ऐकून घेणं. मला ते पटलं. यंदाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तुमचाच रंगाई कारखाना घ्यायचं ठरतंय. लॅबमधल्या एक बाई काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी धरून उभ्या आहेत, असा फोटो आलाय. त्या बाई म्हणजे तू. केस तरी विंचरायचे होतेस.

सांडपाण्याच्या आकड्यांवर तुझी सही आहे, म्हणून मी निर्धास्त आहे. तरी एकदा बरोबर असल्याचं कळव. आईचा गुडघा कसा आहे?

कळावे. लोभ आहे म्हणून तर मुखपृष्ठावर घेतोय, तो तसाच राहू दे.

तुझा धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईने चार घरी सांगूनही झालं. शाश्वतता तिच्या जिभेवर चढत नाही, ती सांगते की तू पाण्याचा साहेब झालास. गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, ती त्याहून जास्त.

पुढचं फोनवर बोलायचं नव्हतं, म्हणून लिहिते. तो ग्लास नळाच्या पाण्याचा होता. सांडपाण्याच्या टाक्यांत हवा सोडणारी यंत्रं तपासणीच्या आदल्या दिवशी चालू होतात आणि तपासनीस फाटकाबाहेर पडले की बंद. मॅनेजरसाहेब माणूस वाईट नाही. ते म्हणतात, गिऱ्हाईक दरवर्षी भाव पाडतं, मुदत कमी करतं, मग मी निदान वीज तरी वाचवू नये का. ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. आकड्यांवर सही माझी आहे हे खरं. तीन वर्षं ते मी मागच्या पानावरून उतरवते आहे.

टाकी साफ करणारा ठेकेदाराचा एक माणूस आहे, त्याला सगळे वकील म्हणतात. शाळा चौथीपर्यंत, पण वादात कुणाला हार जात नाही. मास्क आणि दोर मिळाल्याशिवाय टाकीत पाय घालत नाही. ठेकेदार त्याच्या नावाने बोटं मोडतो. त्याची बायको आमच्या पॅकिंग खात्यात आहे. ती सांगते, आमटीत मीठ कमी पडलं तरी हा कलम काढतो. मी हसते, पण मनात येतं की त्याच्याइतका हट्ट मला जमला नाही.

तो फोटो छापू नकोस, एवढं एकच मागते.

आईचे आशीर्वाद. माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू दे, पण लोभ कमी करू नकोस.

ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कपाटात ठेवलं. फोटो छपाईला गेला होता, आता थांबवता येत नाही. मी वरिष्ठांना आडून विचारून पाहिलं. ते म्हणाले, तपासनिसाचं प्रमाणपत्र आहे ना, मग त्यावर आपण शंका कशाला घ्यायची. खरं सांगू, तुझा रागही आला. तू सही केलीस, तुझ्या भरवशावर मी केली.

तरी हातावर हात ठेवून बसलो नाही. आमची चार माणसं २६ तारखेला तुमच्याकडे येतील. दौऱ्याची सूचना माझ्या सहीने आधी दोन दिवस मॅनेजरांना मिळेल. त्यात स्पष्ट लिहिणार आहे की सांडपाण्याची टाकी साफ असावी आणि यंत्रं चालू असावीत. निदान सुरुवात तरी होईल. सगळं एका दमात होत नाही, ताई.

आईला नमस्कार. रागावलीस तरी लोभ असू दे.

धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वकील गेला.

२४ तारखेला तुमची सूचना आली आणि मॅनेजरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. वर्षभराचा गाळ दोन दिवसांत काढायचा होता. ठेकेदार २५ला सकाळी माणसं घेऊन आला. मास्क दुसऱ्या कारखान्यात होते, ते संध्याकाळी येतील म्हणाला. वकील दुपारपर्यंत टाकीच्या काठावर बसून राहिला. म्हणाला, मास्क येईल तेव्हा मी उतरेन. मग ठेकेदाराने एका म्हाताऱ्या माणसाला उतरायला सांगितलं. तो बिचारा चपला काढायला लागला. तेव्हा वकील उठला. म्हणाला, यांना टाकीतलं काही माहीत नाही, त्यापेक्षा मी बरा. चार पायऱ्या उतरला, पाचवीवरून पडला. आत विषारी गॅस साठलेला. दोर नव्हता, म्हणून वर काढायला वीस मिनिटं गेली.

अजून एक आहे, ते आईलाही सांगितलेलं नाही. कुणीही टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासल्याचा कागद लागतो. हवा मोजायचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलेलं आहे. त्या सकाळी मॅनेजरसाहेबांनी कागद पुढे केला आणि मी सही केली. सवयीने केली, धाकट्या. हातात चहाचा कप होता.

काल तुमची माणसं ठरल्या वेळी आली. टाकी दुसऱ्यांनी मास्क लावून साफ केली होती. एक बाई स्वच्छतेचं कौतुक करून गेल्या.

वकील पडला तेव्हा त्याची बायको पॅकिंगच्या टेबलाशी होती. तिला बोलवायला मला पाठवलं.

आज आशीर्वादापलीकडे काही लिहवत नाही.

ताई

१५ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवसांत टाकी साफ करा, हे मी लिहिलं होतं. माझ्या सहीने. आधी हे लिहितो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

आमच्या अहवालात मृत्यूंच्या रकान्यात शून्य आहे. मी विचारलं तेव्हा कायदेवाल्यांनी सांगितलं की ठेकेदाराचा माणूस त्यात मोजत नाहीत. मग मी तुझं पत्र घेऊन थेट अध्यक्षबाईंकडे गेलो. त्यांनी फोन बाजूला ठेवला, सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं नाही सांगत. माझे आभार मानले. मला वाटलं, आता टाक्या दुरुस्त होतील, वकिलाच्या घरच्यांची सोय होईल.

दुसऱ्या दिवशी निर्णय आला. तुमच्या कारखान्याचं काम बंद. मी परत गेलो, म्हटलं, माणसं रस्त्यावर येतील, आपण सुधारायला सांगू. त्या म्हणाल्या, सुधारणं मालकाचं काम, कठोर निर्णय घेणं आपलं. वर्तमानपत्रांसाठी निवेदन निघालं, त्यात जबाबदार कंपनी असा शब्द तीनदा आहे. खाली नाव माझं. सगळी मागणी दुसऱ्या कारखान्याकडे गेली. त्याचं प्रमाणपत्र मी काढून पाहिलं. सही त्याच तपासनिसाची.

लोभ मागायला तोंड नाही. उत्तर दिलंस तर उपकार होतील.

धाकटा

२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उशीर झाला, कारण लिहायला बसले की काय लिहू ते सुचत नव्हतं. कारखाना गेल्या महिन्यात बंद झाला. सहाशे माणसं. दुकानात आईला सामान देताना लोक बोलत नाहीत. लोकांना कळलंय की तक्रार आपल्या घरातून गेली. तुझ्यावर राग धरावा असं मलाही वाटलं होतं. पण तू बोलला नसतास तर तुझं तोंड पाहिलं नसतं, आणि बोललास तर हे झालं. मग रागवायचं कशावर?

वकिलाच्या बायकोचे हाल कुत्रा खात नाही. ठेकेदार सांगतो, तो माझ्या हजेरीवर नव्हता. मॅनेजरसाहेबांनी काखा वर केल्या. शेजारणी तिला म्हणतात, तुझ्या नवऱ्यापायी आमच्या चुली विझल्या. ती घरी आली होती. तिने विचारलं की दोन दिवसांतच करा, असं नक्की कुणी सांगितलं होतं. मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठले.

मी कामगार अधिकाऱ्यांकडे जबाब लिहून दिला. हवा न तपासता सही केली, आकडे खोटे होते, सगळं. सुनावणी ९ ऑगस्टला आहे. बहुधा माझ्यावरही खटला होईल. आईला सांगितलं. ती म्हणाली, सही करताना माझी आठवण झाली नाही, निदान आता झाली.

तुला पैसे पाठव म्हणत नाही. त्या दुसऱ्या कारखान्यात जा आणि टाकी बघून ये. कागद नव्हे, टाकी.

लोभ आहे. नसता तर हे सांगितलंच नसतं.

ताई

२१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. न कळवता गेलो. टाकीचं झाकण उघडायला लावलं. यंत्रं बंद होती, शिडी गंजलेली, मास्क एकच आणि तोही फाटका. साफ करणाऱ्याला बोलावलं. मॅनेजरसमोर तो म्हणाला, सगळं व्यवस्थित आहे. मग मी निघालो तसा तो फाटकापर्यंत मागे आला. तुमच्या कारखान्याचं त्याला ठाऊक होतं. हात जोडून म्हणाला, साहेब, बघितलं ते बघितलं, पण वर सांगू नका, आमच्या पोटावर पाय देऊ नका. माझ्या वयाचा होता. मला वाटलं होतं तो माझ्याकडे मदत मागेल.

तपासणीच्या फॉर्मवर दोनच रकाने असतात, मान्य किंवा अमान्य. मी दोन्ही सोडले आणि खाली हाताने लिहिलं की काम चालू ठेवा, भाव वाढवून द्या, टाकी कंपनीच्या खर्चाने दुरुस्त करा, तोवर कुणी आत उतरणार नाही. अध्यक्षबाईंना फोनवरही सांगितलं. त्यांनी याही वेळी ऐकून घेतलं. आठवड्याने पत्र आलं, माझं पद रद्द झालंय. तिथल्या टाकीचं पुढे काय झालं ते कळायला आता मला मार्ग नाही.

मी ७ ऑगस्टला येतोय. दौऱ्याच्या सूचनेची प्रत जवळ आहे, तारीख आणि सहीसकट. सुनावणीत ती देईन. तू लिहिलंस त्यात तुझा दोष तेवढा दिसतो, वरचा दिसत नाही. तो दिसला पाहिजे. दोघांवर खटला झाला तर आईला एकाच फेरीत डबा आणता येईल, एवढी तरी सोय.

वकिलाच्या बायकोला तू काही सांगू नकोस. तिच्या घरी आधी मी जाईन. दोन दिवसांत करा असं कुणी सांगितलं, हे तिला माझ्या तोंडून कळू दे.

कळावे. लोभाचं तिथे आल्यावर बघू.

धाकटा